आक्काच्या वाटणीचं मटण

बसा की पावणं, उभ्याउभ्याच लेकीला न्यायला आलाय व्हय? तुमची शालन माडीवर हाय, कापडं भरतीया. बरी हाय आता. दवाखान्यात दोन दिस सलाईन लावलं, काल सोडलं — आणि तुमी माज्याकडं असं बघताय जसं काय सुनंला मीच विष घातलंय! मटण हुतं, मटण. जत्रंचं. माजी लेक आक्का हुपरीस्नं येणार म्हणून चांगल्यातलं किलोभर काढून फ्रीजमदी वर बर्फाच्या कप्प्यात ठेवलतं. आली न्हाय ती. सासूनं धाडलीच न्हाय. पंधरा दिस झालं, म्हैना झाला — मी आपली म्हणायची, आज येईल, उद्या येईल. बर्फात काय हुतंय त्याला? दगडागत हुतंय. दगड कुटं नासतोय?

लाईट? व्हय, गेलती की. दोन दिस गेलती मधी. तांबडं पाणी झालतं खाली. मग लाईट आली, पुन्यांदा गोठलं. शालनच म्हणाली, "आत्ती, वास येतोय, टाकूया." टाकूया! मी ह्या घरात बुरशी झटकून भाकरी खाल्ली, आंबलेलं कालवण खाल्लं — सासू पुढ्यात बसायची, ताट पुसून घेतल्याबिगर उठू द्यायची न्हाय. माजा बाप आलता का मला न्यायला? कुणीबी आलं न्हाय. म्हणून म्हटलं, दोनदा उकळी दे, चटणी वाढवून घाल, काय हुत न्हाय.

मी? मी न्हाय खाल्लं. उपास हुता माजा. — बुधवार असला म्हणून काय झालं, बाईमाणसाला धा उपास असत्यात! माज्या लेकानं, बाळासोनंबी न्हाय खाल्लं, त्याला अंडी करून दिली. ल्हानपणापासनं पोट हळवं हाय त्याचं, उगंच कशाला... तसं न्हवं पावणं! वास आलता म्हणून न्हवं. आलता, जरा आलता. शालनला म्हटलं, तू खा, वाया जातंय. दोन घास खाल्लं आन् माज्याकडं बघितलं पोरीनं. मी भांडी आवराय लागले. मग तिनं ताटातलं समदं खाल्लं.

सांच्यापारी उलट्या सुरू झाल्या. लिंबू-साखर दिली की मी! दवाखान्यात न्हेऊ नगं म्हटलं, उचगावभर बोभाटा हुईल — पर बाळासोनं ऐकलं न्हाय, उचलून रिक्षात घातली.

आली बघा खाली. शालन, च्या टाकू? — सरळ चपला घालाय लागली. बघतबी न्हाय. आणि बाळासो, तू कुटं निगालास ट्रंक घेऊन? पोचवायला? मग तुजी कापडं कशाला हाईत त्यात? अरं, आई हाय मी तुजी...

जा. जावा समदी. पावणं, जाताना दार वडून घ्या.