अप्पांच्या बोटीची पारडी

(निसारभाई, पत्र्याचे कारागीर, गुलटेकडी, पुणे)

आमचं घराणं तराजूवाल्यांचं, हे आधी लिहून घ्या, नाहीतर लोक मला कल्हईवाला समजतात आणि मग माझं डोकं फिरतं. कल्हईवाले वेगळे, आम्ही वेगळे. आजोबा पारडी ठोकायचे, अब्बा पारडी ठोकायचे, मार्केट यार्ड झालं तसे अब्बा गुलटेकडीला आले, खाली दुकान, वर राहायला, आणि यार्डातल्या मिरचीवाल्यापासून गूळवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या गाळ्यात आमच्याच घरची पारडी लटकायची. आता तुम्ही म्हणाल पारड्यात काय एवढं, थाळीच की ती. म्हणा. पण थाळी एक असते आणि पारडी दोन असतात, आणि अब्बांचा कायदा होता, जोडी एका हाताची. एकाच पत्र्यातून दोन्ही कापायची, एकाच माणसानं एका बैठकीत ठोकायची, मध्ये चहालासुद्धा उठायचं नाही. एक बिघडलं तर दुसरंही मोडीत घालायचं, कितीही चांगलं असो.

आम्ही दोघं भाऊ, मी थोरला, अन्वर धाकटा. मोठं पारडं एकट्याच्यानं होत नाही, एकानं ऐरणीवर पत्रा धरून फिरवत राहायचा आणि दुसऱ्यानं हातोडा मारायचा. मी मारायचो, अन्वर धरायचा. अब्बा म्हणायचे घाव ज्याचा, हात त्याचा, म्हणजे जोडी माझ्या हाताची म्हणून जायची. धरणाऱ्याला मोजायची पद्धत नव्हती. मी केली नाही ती पद्धत, मी जन्मलो तेव्हा ती होतीच.

मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि पारडी गेली. मी स्टीलच्या कामाला लागलो, ट्रे, चिमण्या, हॉटेलवाल्यांचे ओटे, आणि आमचे बंधुराज काय शिकले, तर तेच इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायला. ज्यांनी अब्बांचा धंदा खाल्ला, त्यांनाच घेऊन हा आमच्याच दुकानात बसला. अब्बा गेले, त्यांचा चाळिसावा झाला त्याच दिवशी मी त्याला हे बोललो, तर तो मला काय म्हणतो, जन्मभर पत्रा मी धरला, बोटं माझी फुटली, नाव तुझं झालं. काय सांगू तुम्हाला, पाहुणे बसलेले, बिर्याणी वाढलेली. मी म्हणालो धरायला तर लोखंडी शिकंजासुद्धा धरतो. झालं. दुकानाच्या मध्ये भिंत आली. वाटणीत अब्बांचा हातोडा मला आला आणि ऐरण त्याला गेली. कशी झाली असली वाटणी म्हणून विचारू नका, मी मागितला हातोडा आणि त्यानं मागितली ऐरण, दोघांना वाटलं आपणच जिंकलो. मी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला आणि त्यावर ठोकायला लागलो, त्यानं बाजारातून हातोडा आणला. बोलणं बंद.

अम्मी वर राहते, भिंतीच्या बरोबर डोक्यावर. जेवण सुनांच्या हातचं, पण दुपारचा चहा कायम अम्मीच्या हातचा, किटलीत भरून खाली यायचा. भिंत झाली त्या दिवसापासून तो आला नाही. मी वर जाऊन विचारलं तर म्हणाली, एक दुकान कू एक किटली जाती थी, दो दुकान मैं नई जानती, पैले बात करो फिर चाय. बाकी सगळं बोलते, औषध दे, पंखा लाव, पण चहा नाही. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर पितो. तोही त्याच टपरीवर पितो, मी निघाल्यावर येतो. पाणी असतं नुसतं. अम्मीचं वय झालंय, हात कापतात, आणि माझ्या मनात रोज एकच येतं, की ही बाई आम्हाला चहा न पाजताच जाणार. एवढंच भय आहे मला, दुसरं कुणाच्या बापाचं नाही.

तर आता अप्पा. अप्पा वारज्याचे, शेती होती तिथं बिल्डिंगी झाल्या, आणि अप्पांनी बोट घेतली. फायबरची, मागं इंजिन लावलेली. खडकवासल्याच्या पुढं, धरणाच्या मागच्या पाण्यात कुणाच्या तरी शेतातून ती उतरवायची, दिवसभर गळ टाकून बसायचं, रोहू लागला की त्याला धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मी म्हणालो अप्पा, मग पकडता कशाला, तर म्हणे छंद हाय. असेल. त्यांच्या वडिलांनी भाजी तोलायला अब्बांकडून तराजू नेला होता, त्या ओळखीवर ते माझ्याकडं आले.

तक्रार अशी, की वेग घेतला की बोटीचं नाक आभाळाकडं जातं, पुढचं काही दिसत नाही, आणि वर ती उजवीकडं कलते. कलणारच. सुकाणू उजवीकडं, सुकाणूवर अप्पा, आणि अप्पांचा देह म्हणजे गुळाची ढेप, शेजारी बर्फाची पेटी. त्याला उपाय असतो ट्रिम टॅबचा. म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला, अगदी तळाशी, डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा दोन स्टीलच्या पट्ट्या बिजागरीवर बसवायच्या, प्रत्येकीला मोटारीची एक दांडी, सुकाणूपाशी बटणं. बटण दाबलं की पट्टी खाली झुकते. अप्पांनी मोटारी आणि बटणं तयार आणली होती, पट्ट्या त्यांच्या बोटीला लहान पडत होत्या, मोठ्या करून हव्या होत्या.

मी म्हणालो होईल. तर अप्पा म्हणतात एक तू कर, एक अन्वर करंल, आन वायरिंग त्योच करंल. मी म्हणालो अप्पा, जोडी एका हाताची असते. ते म्हणाले तुमची वाटणी झाली न्हवं, मग कामाचीबी वाटणी. मी विचारलं तुमच्या भावाशी तुम्ही जमिनीवरून कोर्टात उभे आहात, ते मिटलं का आधी. तर हसले. म्हणाले माझं न्हाई मिटत म्हणून तर तुझ्या मागं लागलोय. काम सोडलं असतं, पण मी सोडलं असतं तर दोन्ही पट्ट्या भिंतीपलीकडं गेल्या असत्या, आणि ते सुख मी त्याला देणार नव्हतो.

उजवी मी केली, डावी त्यानं. मापाचा कागद अप्पांनी दोघांना दिला. पट्टीची मागची कड थोडी खाली मुडपायची असते, ती मी रुळावर मुडपली, त्यानं ऐरणीवर. भिंतीतून त्याचा आवाज यायचा, ऐरण चांगली आणि हातोडा भिकार, मला ऐकवत नव्हतं. त्यालाही माझा रूळ ऐकवत नसणार.

बसवायला वारज्याला गेलो. बोट ट्रेलरवर, अप्पांच्या बिल्डिंगीच्या पार्किंगमध्ये. तो डावीकडं बसला, मी उजवीकडं. पट्टी बोटीच्या तळापेक्षा बोटभर वर बसवावी लागते, खाली उतरली तर उगाच पाणी ओढते, आणि भोकाभोकात सीलंट भरावं लागतं, नाहीतर फळी आतून कुजते. मी म्हणायचो अप्पा, त्याला सांगा सीलंट इकडं द्या. तो म्हणायचा अप्पा, यांना सांगा समोरच पडलंय, डोळे वापरा. अहो, आम्ही एका ताटात जेवलेले, आणि एकमेकांच्या हातभर अंतरावर बसून वारज्याच्या माणसाला टपालवाला करतोय. दुपारपर्यंत अप्पा वैतागले, पण ओढवून तर त्यांनीच घेतलं होतं, त्यामुळं मला बरं वाटलं.

मग पाण्यावर. पोहायला आम्हा दोघांना येत नाही. अप्पांनी फुगीर जाकिटं घातली आम्हाला, मला पुढं बसवलं, अन्वरला मागं. वेग घेतला, नाक वर गेलं, बोट उजवीकडं कलली, अप्पा ओरडले कुठली दाबू. आणि इथं ऐका. आम्ही दोघं एकदम ओरडलो, डावी दाबा. एकाच श्वासात. भिंत झाल्यापासून आमचं एकमत झालं ते तिथं. तराजूवाल्याची औलाद आम्ही, उजवं पारडं खाली गेलंय, मग डावीकडं वजन टाका, हे आम्हाला शिकवावं लागत नाही, हे दुधातून आलंय.

अप्पांनी डावी दाबली आणि बोट अशी उजवीकडं पडली की काठावरून पाणी आत. बर्फाची पेटी घसरली, गळ गेले, मी बाकावरून उडालो आणि थेट पाण्याकडं निघालो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. कुणीतरी म्हणजे कोण, अप्पांचे हात सुकाणूवर होते. अशी धरली की गळा आवळला, शर्टाचं वरचं बटण तुटून गेलं. अप्पांनी वेग सोडला, बोट धपकन बसली, सरळ झाली. मी खोकतोय, अन्वरनं कॉलर अजून सोडलेली नाही. अप्पा आमच्याकडं वळून म्हणाले, आरं भाड्यांनो, बोट हाय ही, तराजू न्हाई.

खरं होतं ते. पारडं वरून लटकतं, पट्टीला खालून पाणी ढकलतं. जी पट्टी खाली दाबाल ती आपलीच बाजू वर उचलते. उजवी बाजू खाली असेल तर उजवीच दाबायची. अप्पांनी मग डावी वर घेतली, हळूहळू उजवी दाबली, बोट समतोल झाली, दोन्ही थोड्या दाबल्यावर नाकही खाली आलं आणि समोरचं सगळं पाणी दिसायला लागलं. छान चालली, खोटं का बोलू. फक्त जराशी एका अंगाला ओढत होती, आणि ते का, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दोन्हींची मुडप एक नव्हती. आम्ही दोघं आपापल्या पाण्याकडं बघत बसलो. मी म्हणालो अप्पा, त्याला सांगा माझा शर्ट फाडला. तो म्हणाला अप्पा, यांना सांगा पुढच्या वेळी सोडून देईन.

बाहेर काढताना अप्पांना पट्ट्या वर घ्यायचं भान राहिलं नाही. डावी जेमतेम दाबलेली, उजवी चांगलीच खाली, म्हणजे माझी. ट्रेलरवर चढवताना उजवी दगडात गेली आणि पार वाकली. अप्पा म्हणाले एकच नवी कर. मी म्हणालो नाही, एक मोडली की दोन्ही मोडीत, नवी जोडी, एका हाताची. ते भिंतीपलीकडं जाऊन आले आणि म्हणाले, अन्वर म्हनतोय दोनीबी निसारभाईला करू द्या. बघा आता. दान देतोय मला. पाण्यात पडू दिलं नाही म्हणून आता वर पट्टी पण खैरातीत. रात्री भाकरी गेली नाही मला.

सकाळी रुळावर नवा पत्रा घेऊन बसलो. कड मुडपली, लाट आली. परत केली, परत लाट. रूळ तो, वरून गोल असतो, त्यावर सरळ कड कशी येणार. लहान कामात खपून जायचं, जोडीत खपत नाही. वर अम्मीच्या चालण्याचा आवाज येत होता, पाय ओढत जाते ती आता. मी पत्रा उचलला, अब्बांचा हातोडा उचलला आणि फिरून त्याच्या दारातून आत गेलो. त्यानं काट्यातून डोकं वर काढलं. मी पत्रा ऐरणीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला, आणि हातोडा त्याच्याकडं सरकवला.

माझा खांदा दुखत होता म्हणून मी धरला. दुसरं काही कारण नव्हतं, असंच लिहा.

त्यानं बघितलं माझ्याकडं, मग मारायला लागला. मी फिरवत होतो. धरणाऱ्याच्या बोटांना काय झिणझिण्या येतात हो, हे मला या वयात कळलं. एक फटका बसलाही बोटावर, मुद्दाम की कसा ते अल्ला जाणे, मी हू की चू केलं नाही. अब्बांचा हातोडा आणि अब्बांची ऐरण, तो आवाज त्या घरात पुन्हा झाला. दोन्ही पट्ट्या झाल्या, एकीवर एक ठेवल्या तर मधून उजेड दिसेना.

आणि जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज आला. अम्मी स्वतः उतरून आली, गुडघे धरत, हातात किटली, दोन कप. ओतताना निम्मा चहा ऐरणीवर सांडला. साखर एवढी, की चमचा उभा राहावा. मी उभ्यानं प्यायलो. अन्वर म्हणाला, गोड झालाय. मी म्हणालो, पी गुमान. एवढंच झालं बोलणं, तुम्ही फार काही समजू नका.

भिंत आहे अजून. अप्पांची बोट सरळ चालते, ते सगळ्यांना सांगत फिरतात की मी भाऊ जुळवले, खुशाल सांगोत. जोडी अन्वरच्या हाताची म्हणून गेली, घाव त्याचा. हातोडा त्याच्याकडंच राहिलाय. तो म्हणतो येऊन घेऊन जा, मी म्हणतो ठेवून तू घेतलास, आणून तू दे. तोवर जाड काम निघालं की मला तिकडं जाऊनच बसावं लागतं, आणि अम्मी किटली एकच पाठवते, त्याच्या दारात. काय करणार. अल्ला त्याला भरपूर आयुष्य देवो. आता या वयात नवीन माणूस शोधून त्याच्याशी इतकं चांगलं भांडण मी कुठून जमवू.