साहेबाचं 'काढायचा'

फोटो काढू म्हणतासा व्हय रं? मला तो शब्दच कडू लागतोय.

मी बेळगावात एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवायचो. त्याला तळ्यांचे फोटो काढायचा लई नाद. एकदा त्याला आमच्याच गावच्या तळ्याकाठच्या रस्त्यानं नेलं. काठाला माझी आय आणि चार बायका धुणं धूत व्हत्या. साहेबानं क्यामेरा मांडला, तिकडं बोट केलं आणि म्हणाला, "पयला बायका काढायचा."

मी पळत गेलो. "आय, साहेब तुमचा फोटो काढतोय!"

आयचा जन्मात कुणी फोटो काढला नव्हता. तिनं तोंड धुतलं, पदर सारखा केला, सगळ्यांस्नी रांगेत उभं केलं. साहेब क्यामेऱ्यावरच्या काळ्या फडक्यातनं लालबुंद होऊन बाहेर आला. "काढायचा! काढायचा बोलला ना!"

आय हसून म्हणाली, "व्हय साहेब, काढा की."

तवा त्यानं छडी उगारली. 'काढायचा' म्हंजे हाकलायचा, हे मला तवा कळलं. आणि आयला मीच म्हणालो, "सरा बाजूला."

पुढं त्याच्या बंगल्यात तो फोटो टांगला. तळं, झाडं, आणि धुण्याचा ओला दगड.

त्या दिशी सांजंला माझ्या थोरल्या आक्कानं आयला विचारलं व्हतं, "निघाला का गं फोटो?"

"न्हाय गं," आय म्हणाली. "आमीच निघालो."