जानेवारीतल्या उघड्या खिडक्या

अमेरिकेतल्या मेन या कडाक्याच्या थंडीच्या राज्यात, घर तापवायच्या लाकडावरच्या शेगड्या जिथं मिळतात त्या दुकानात माझ्यापुढे म्हातारा हॉलिस आणि त्याची बायको आर्लीन उभी होती.

"ती सगळ्यांत मोठी द्या," हॉलिस दुकानदाराला म्हणाला.

"हॉलिसकाका, घर केवढं तुमचं?"

"दोन खोल्या."

"अहो, हिच्यानं चर्च तापेल, घंटेसकट. जानेवारीत खिडक्या उघडून बसाल."

"तेच तर हवंय. लेक म्हणते, इथं गारठून मराल, शहरात चला. ती भेटायला येईल तेव्हा गोठलेल्या तळ्यापलीकडूनच तिला आमच्या उघड्या खिडक्या दिसू देत."

"आणि एवढी लाकडं फोडणार कोण?"

"पन्नास वर्षं मीच फोडतोय. पुढची पन्नासही फोडीन."

"आर्लीनकाकू, तुम्ही तरी समजवा यांना."

"मोठीच द्या. मला फक्त पडदे धुवायला हवेत. आता ते सगळ्या गावाला दिसणार."