ड्रायव्हर नवा की जुना?

ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करू का, असं कुणी विचारलं की मला आमचा दत्ता आठवतो. मी शिरूरला, तो भांडगावला. लग्नाच्या फिल्म आम्ही दोघं मिळून एडिट करतो. त्या दिवशी संध्याकाळी तळेगावला नवरीकडचे सगळे पाहुणे फिल्म बघायला जमणार होते. सकाळी कॉम्प्युटरवर आलं, ‘ड्रायव्हर जुना झालाय.’ मी अपडेट केला आणि अर्धी फिल्म काळी! घाबरून दत्ताला फोन लावला.

“तुझ्याकडं दिसतंय का?”

“व्हय, झ्याक दिसतंय. माझा ड्रायव्हर जुनाच हाय.”

मग मी खटपट करून जुना परत टाकला. फिल्म दिसायला लागली, तेवढ्यात दत्ताचा फोन.

“रशीदभाई, माझ्याकडं बी काळं झालं!”

“तू काय केलंस?”

“तुमच्यासारखा नवा टाकला. दोघांचं सारखं नको व्हय?”

“अरे, मी तुझ्यासारखा जुना टाकला!”

“मंग आता मी कुठला ठेवू?”

फिल्म माझ्याकडूनच वेळेत गेली. दत्तानंही मग जुना परत टाकला. हातात काम नसेल तेव्हाच अपडेट करायचं, असं ठरलं. परवा दोघंही मोकळे होतो. फोनवर म्हटलं, “कर सुरू.”

“न्हाई भाई, आधी तुम्ही.”

दोघांचाही ड्रायव्हर अजून जुनाच आहे.