जुन्या डेटाबेसचं सामान

हसू नका, पण मला डेटाबेस शिकवला तो पावणे गावातल्या एका शेठनं. स्वतःचं नटबोल्टचं वर्कशॉप आणि गावात बारा खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्याच्या कॉम्प्युटरवर स्टॉकचा प्रोग्राम बसवायला गेलो आणि सवयीनं बोलून बसलो, "दहा मिनिटांचं काम आहे."

दोन तास झाले तरी प्रोग्राम डेटाबेसला जोडेचना. चार वेळा पासवर्ड बदलला, चारही वेळा नकार.

शेठनं तिसरा चहा समोर ठेवला. "झालं काय, ते नीट सांग."

"डेटाबेस म्हणजे खोली समजा. माझ्याकडे चावी आहे, पण कुलूप उघडत नाही."

"मंग आत दुसरा कोन ऱ्हातो का, ते बगितलं का?"

बघितलं. आधीच्या प्रोग्रामरचा जुना डेटाबेस माझ्याच पोर्टवर, म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या ठरलेल्या दारात, आरामात बसला होता. दोन तास मी त्या साहेबांच्या कुलपाला माझी चावी लावत होतो! तो बंद केला, माझा चालू केला, लगेच स्टॉक दिसला. कॉलर ताठ करून घरी आलो.

सकाळी शेठचा फोन. "कॉम्प्युटर लावला, तर तुजा प्रोग्राम परत बंद."

मशीन सुरू होताच जुना डेटाबेस माझ्याआधी आत घुसला होता.

"शेठ, तो आधीचा भाडेकरू परत आला."

"त्याचं सामान काडलं व्हतं का?"

"नाही. नुसतं त्याला बाहेर काढलं होतं."

शेठ म्हणाला, "बाला, तू कॉम्प्युटरच कर. खोली कदी भाड्यानं देऊ नको."