रतनबाई सांगतात

— न्हाई न्हाई मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतोय. हितं सतरंजीवर बसा, पंख्याखाली. आमच्या संस्थेच्या वर्षाराणीताई येतीलच, रतनबाईला आणायला गेल्यात स्कूटीवर. चहा ठिवलाय. मी परमेश्वर. मी फारसा बोलत नसतो — संस्थेची जीप चालवतो, पाहुणे आले की सतरंज्या टाकतो. शाळा? सातवीत सुटली. फडावर गेलतो ऊस तोडायला.

रतनबाईचीच गोष्ट पायजे ना? सगळ्यांना तिचीच लागती. हितं येणाऱ्या बाया लई हायत, पण ताई म्हणतात, रतनबाईची अहवालात चांगली बसती. मीच सांगू का? मला पाठ हाय. तेलगावच्या मुकादमाची टोळी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईची पाळी आली, दुखलं-खुपलं, की खाडा — आन खाड्याला दंड. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली, तर डॉक्टर म्हणला गर्भाची पिशवी काढा, न्हाईतर कॅन्सर व्हईल. तिशीबी न्हवती तवा. टाके ओले असताना मोळ्या उचलल्या. झालं, एवढंच हाय. ह्यात पाणी कुठं मागायचं, रडू कुठं येतं, तेबी मला ठावं हाय. तुमी माझ्याकडूनच भरून घ्या ना फोनमदी. — हां. जिचं दुखणं तिच्याच तोंडून. सगळेच तसं म्हणतात. बरोबरबी हाय.

गैरसमज नको मॅडम. तुमच्यासारख्यांच्या निधीवरच ही जीप हाय. कुणाला पिशवी काढ म्हणलं की ती बाई आधी हितं येती, मी तिला अंबाजोगाईला दुसऱ्या डॉक्टरकडं नेतो. लई पोरी वाचल्या. धारूरची करिष्मा — तिला लेकरू झालं आता, पेढे घिऊन आलती. रतनबाईनं त्या लेकराला मांडीवर घेतलं आन म्हणली, मी सांगितलं म्हणून हे झालं. म्हणून तर ती सांगायची. पाहुणा आला की निळी साडी नेसायची, यायची, सांगायची, आन घरी जाऊन भिताडाकडं तोंड करून पडायची. भाकरी न्हाई, बोलणं न्हाई. मी उशाशी तांब्या ठिवायचो — मी कावून? शेजारीच ऱ्हातो ना.

मग पोळ्याच्या आदल्या दिशी सटवा वारले. तिचा नवरा. आमच्यात बाया गळ्यात पडून रडतात, मेल्याला हाका मारमारून रडतात. हिला रडूच येईना. नणंद जानकीबाईनं खांदे धरून गदागदा हलवली — रड गं रतने, रड, छातीत बसंल ते! तर टिपूस न्हाई. तेवढ्यात कोण एक लांबची बाई आलती, वळखत न्हवती, ती जवळ बसली आन म्हणली, नाव काय बाई तुझं?

झालं. सरळ बसली. पदर नीट केला. हात जोडले. "नमस्कार. माझं नाव रतनबाई. मी ऊसतोड कामगार हाय." मढ्यापुढं, मॅडम! पार शेवटापर्यंत सांगितलं. जिथं रडायचं तिथं रडली. जिथं पाणी मागायचं तिथं हात पुढं केला. शेवटाला म्हणली, तुमी एवढ्या लांबून आलात, आभारी हाय. दारातली पोरं हसली फिसकन. अप्पा तिथं पडलेले, नाकात कापूस, आन माय माझी —

काय न्हाई. स्टोचा धूर गेला डोळ्यात.

हां. माय हाय ती माझी.

ताईंना सांगितलं की मी. त्याबी रडल्या. पण म्हणल्या, परमेश्वर, औंदा मंजुरी न्हाई आली तर जीप उभी ऱ्हाईल, मग पुढच्या करिष्माला कोण नेईल? ह्याला काय म्हणायचं मी? तुमीच सांगा. मायला इचारलं, तर म्हणली, येते की. साडी धुऊन ठिव.

तवा एक करा मॅडम, पाया पडतो. ती आली की आधी चहा द्या हातात. शेळीचं इचारा. काबरी शेळी गाभण हाय आमची, तिच्यावर लई बोलती — हसतीबी. तेच लिवा. भाकरीचं इचारा, पावसाचं इचारा, काय बी इचारा. नुसतं नाव इचारू नका. नाव इचारलं की सुरू व्हतंय, मग मधी थांबत न्हाई.

स्कूटी आली बघा.

ये माय. हळू, उंबरा हाय. हितं टेक, पंख्याखाली. ह्या मॅडम पुण्याच्या. आपल्या काबरीचं सांग ना त्यांना, रातच्याला कशी वरडत व्हती — मॅडम, फोन ऱ्हाऊ द्या की आत्ता. चहा तर पिऊ द्या तिला. शेळीचं — मॅडम —

इचारलंत नाव.

आता मधी बोलू नका. पाण्याचं मी बघतो, मला ठावं हाय कुठं द्यायचं.