मी गाडीत गप बसले न्हाई

मी मेंढरावाल्याची लेक. आमचा बाप दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा ते पार आखाडाला घरी यायचा, आन त्याच्या मागं आम्ही, घोड्यावर बिऱ्हाड, त्याच्यावर कोंबड्या. म्हंजे चालनं मला ठाऊक, चाकाची गाडी ठाऊक न्हाई. लगीन होऊन इकडं वडीगोद्रीच्या अंगाला आले तव्हा सासरची मेंढरं इकून झाल्ती, थोडी जिमीन व्हती, आन आमच्या मालकानं, म्हंजे घरवाल्यानं, पिकअप घेतल्ती. गावोगावचा झेंडू, शेवंती, बिजली भरायची आन जालन्याच्या फूलबाजारात नेऊन टाकायची, हा आमचा धंदा.

मी सभावानं मुकी बाई. माहेरी मला मुकीच म्हनायचे. आन मागं तुम्ही गावात इचारलं असतं, तर लोक म्हनले असते ती व्हय, ती लई टकळी चालवती, नवऱ्याला सुखानं गाडी चालवू देत न्हाई. त्याचं कारन काय सांगू तुम्हाला.

एकदा जेवता जेवता मालक थांबले. घास हातात, डोळे उघडे, ओठानं नुसत्या मिटक्या मारून राह्यले. मी म्हनले अवो, भाजी वाढू का, तर उत्तर न्हाई. पुन्हा इचारलं, न्हाई. डोळे हायेत पर डोळ्यात मानूस न्हाई. मंग थोड्या वेळानं आपोआप घास तोंडात घातला आन मलाच म्हनले, काय बघती. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. असं आनखी दोनतीन बार झालं तव्हा जालन्याच्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी डोक्याला तारा लावून पट्टी काढली, गोळ्या दिल्या आन म्हनले ही मिरगीच हाय, पाडनारी न्हाई, अशी गप करनारी, आन गाडी बिलकुल चालवायची न्हाई. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच मालक म्हनले, कोनाला सांगशील तर बघ. मिरगीवाल्याच्या गाडीत कोन फुलं भरल. गाडी बंद म्हंजे मी बंद.

मंग मी काय करनार. मी म्हनले मी संगं येते.

तव्हापासून मी रोज त्यांच्या शेजारी. दिवसभर इचारत राहायचं. हे कोनाचं वावर, हा झेंडू पिवळा कामून, मोसंबी औंदा कशी हाय, फुडं कोनतं गाव. उत्तर आलं की मानूस जागेवर हाय. उत्तराला उशीर झाला की माझा हात हँडब्रेकवर. ते म्हनायचे गप बस की जरा, डोकं उठवलं. बरं वाटायचं मला, बोलले ना. ते हसले तरी भ्याव, खोकलले तरी भ्याव, गोळी घेतली का इचारलं तर म्हनायचे घेतली, आन खिशात पुडी तशीच.

मागल्या साली नवरात्र चालू व्हतं, त्या दिवसाचं सांगते. बाजार तेज, गाडी सकाळीच निघाली. पाऊस नुकताच उघडल्ता, नाले भरून, बांधावर गवत कमरेइतकं, आन जिकडं बघावं तिकडं झेंडू पिकलेला. शहरातले लोक असं बघायला गाड्या करून येतेत म्हने, थांबून फोटू काढतेत. मला काही दिसत नव्हतं. मी मालकाचे ओठ बघत व्हते. पहिल्या गावात एक बाई कॅरेट भरता भरता म्हनली, राजा-राणीचं जोडपं फिरायला निघालं वाटतं, आन मालक हसले, मीबी हसले, नजर तेवढी त्यांच्या ओठावर.

दोन गावं घेतली, गाडी निम्मी भरली, आन पाटाच्या रस्त्याला लागलो. एका अंगाला पाट, काठोकाठ पानी, दुसऱ्या अंगाला झेंडूचं वावर, रस्ता एका गाडीपुरता. मी म्हनले, पाटाला पानी कवा सोडलं वो. उत्तर न्हाई. मी म्हनले, अवो. तर मिटक्या. हात चाकावर घट्ट आन गाडी पाटाकडं चालली.

मी ब्रेक वढला आन दोन्ही हातानं चाक आपल्याकडं, वावराकडं. गाडी झेंडूत घुसली. तिथं बाया फुलं तोडून राह्यल्या, हे मला दिसलंच न्हाई हो. त्या वरडत पळाल्या. एक म्हातारी गुडघ्यानं अधू, तिला उठता येईना, फुलाच्या ढिगाशी ती तशीच बसलेली, आन गाडी तिच्यापसून हातभरावर थांबली.

शेतवाला पळत आला. तवर मालक भानावर आल्ते. तोंड पुसलं, इकडं तिकडं बघितलं आन म्हनले, कुत्रं आडवं आलं. लोकांनी मानलं. शेतवाला म्हनला जाऊ द्या, झाडं गेली तर गेली, जीव वाचला. चार जन गाडी ढकलायलाबी लागले. तितक्यात म्हातारीनं माझा हात धरला आन म्हनली, पोरी, तुझ्या कुकवाच्या जोरावर वाचलो आपन.

मी म्हनले, आजी, कुत्रं नव्हतं. यांना मिरगी हाय.

ढकलनाऱ्यांनी गाडीवरचे हात काढले. मालकानं माझ्याकडं अशी नजर टाकली, मारलं असतं तर बरं झालं असतं. गाडी तिथंच सोडून पाटाच्या कडंनं चालायला लागले. मी चावी काढून घेतली आन त्यांच्या मागं पळाले, कारन एवढं पानी, आन पुन्हा झटका आला तर. ते काठावर बसले. मी मागून सदरा धरला. ते म्हनले सोड. मी म्हनले सोडत न्हाई. ते म्हनले, चारचौघात नागडं केलं मला. मी म्हनले व्हय, केलं. मंग ते रडले आन मीबी रडले, पर सदरा सोडला न्हाई. फुलं त्या शेतवाल्याच्या पोरानं जालन्याला पोचवली.

आता गाडी आमचा पुतन्या चालवतो. फुलं देनारे देतेत, कोनी बंद केलं न्हाई. मालक गोळ्या घेतेत, मी समोर बसून घ्यायला लावते. औंदा दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, आन गल्लीतले लोक बघत असताना मला म्हनले, चावी दे, नुसती लिंबाखाली घेतो. मी म्हनले न्हाई. भ्याव गेलं न्हाई माझं, जानार पन न्हाई.

तव्हापसून बघा, मालक सकाळी उठले की त्यांचं सुरू. चहा पानचट, भाकर करपली, तू बाई न्हाईस कैदाशीन हाईस, दिवस मावळेपर्यंत. शेजारीन म्हनती कसं ऐकून घेती गं. मी चुलीपुढं बसून ऐकत राहते, आवाज येऊन राह्यला तवर हात चालतो माझा. येते आता, गोळीचा टाइम झाला. देव तुमचंबी घर असंच भांडतं ठेवो.